पीठ लागलेल्या माशा

१८ ऑगस्ट

शेवटचा मध काढून झाला. आता माशांच्या सहाही पेट्यांना माइटच्या किडीवरचं औषध द्यायचं. गेली दोन वर्षं टेकडीपलीकडचा लाउस्ट शेजारी उभा राहून सांगायचा आणि मी फक्त हात चालवायचे. या वर्षी फोन केला तर म्हणाला, "तुझं तू बघ आता, आस्ता. किती दिवस माझं बोट धरून चालणार?"

चेष्टेतच म्हणाला असेल, पण लागलं मला. फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीवरून निवृत्त झाले त्या वसंतात यानंच दोन पेट्या आणून अंगणात ठेवल्या होत्या. घरी बसून नवऱ्याचं, हेनिंगचं डोकं खाऊ नकोस, म्हणाला होता.

आज चौकट उचलली तर दोन-तीन माशांच्या पाठीवर माइट दिसले. तांबूस, चपटे, टाचणीच्या डोक्याएवढे. माशीच्या मानानं पाहिलं तर आपल्या पाठीवर ताटली चिकटावी आणि ती ताटलीच आपल्याला पोखरत असावी, तसं.

२० ऑगस्ट

सकाळी पेट्यांत औषध, म्हणजे फॉर्मिक ॲसिड ठेवलं. दिवसभर ढग राहतील असं रेडिओवर सांगितलं होतं. दुपारी ढग पांगले आणि समुद्रावरचा वारा पडला. इथं वारा पडतो असं वर्षातून किती वेळा होतं? नेमका आजच पडला.

उन्हानं ॲसिड भराभर उडायला लागलं. माशा आतून बाहेर आल्या आणि पेटीच्या तोंडावर दाढीसारख्या लोंबायला लागल्या. काही दारात उभ्या राहून पंखांनी आतली हवा बाहेर लोटत होत्या. आवाज नेहमीचा नव्हता, खालच्या पट्टीतला आणि सलग होता. हेनिंग बंदरावरून आला, लांबच उभा राहिला.

"त्यांना घर दिलंस आणि मग आत विष सोडलंस?"

"विष नाही, औषध आहे."

"त्यांना सांगितलंस का?"

औषध काढावं तर माइट वाचणार, ठेवावं तर राणी मरणार. लाउस्टला फोन लावला, उचलला नाही. मी काढलं नाही. बरोबर केलं की चूक, देव जाणे.

२१ ऑगस्ट

पेट्यांसमोर पांढरा सडा पडलाय. कोषातली अर्धी वाढलेली पिल्लं. माशा एकेक मेलेलं पिल्लू जबड्यात धरून बाहेर ओढत आणतात आणि जमेल तितकं लांब नेऊन टाकतात. गांधीलमाशा टपूनच आहेत. मी झाडू घेऊन उभी राहिले आणि तशीच परत आले. साफसफाई त्यांच्या त्या करतायत, मी त्यात काय करणार?

२७ ऑगस्ट

लाउस्ट आला. गाडी थेट माझ्या गुलाबांच्या ताटव्यात. हेनिंग म्हणाला, "रस्ता तुला पुरत नाही वाटतं?" लाउस्ट हसला, पण झाडांबद्दल एक शब्द बोलला नाही. हाताला पट्टी होती. किटलीनं भाजलं म्हणाला.

मी पिवळ्या पेटीखालची पांढरी फळी ओढून त्याच्या हातात दिली. वरून गळालेले माइट तिच्यावर पडतात. तिखट भुरभुरावं तशी भरली होती. त्यानं ती उजेडाकडं कलती केली, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "फार नाहीत. बरं चाललंय."

फार नाहीत? एवढं उघड दिसत असताना. एक तर त्याला माझ्या पेट्यांची काही पडलेली नाही, नाहीतर मी तोंडघशी पडावी असं वाटतंय. कॉफी अर्धी टाकून गेला.

पिवळीत अंडी नाहीत. राणी मारली बहुतेक मी.

४ सप्टेंबर

राणी आहे. अंडी आहेत, एका घरात एक, नीट उभी. ॲसिडच्या वासात तिनं अंडी घालणंच थांबवलं होतं एवढंच. इतक्या दिवसांत कळलं असतं तर नीट जेवले तरी असते. कुणी सांगितलंच नाही. ज्यानं सांगायचं तो सांगत नाही.

९ सप्टेंबर

फळ्या जवळजवळ स्वच्छ. माशा शांत. निळी पेटी तर बघत राहावी अशी. मागून उचलून पाहिली, हलता हलत नाही. माळावरच्या हीदरच्या झुडपांचा बहर ओसरला, कुठं काही फुललेलं नाही, तरी या दिवसभर ये-जा करतात आणि पोट जड करून दारात आदळतात. सगळ्या टेकडीच्या पलीकडून येतात. लाउस्टच्या बाजूला उशिराचं हीदर असेल. माइट गेल्यावर जिवात जीव आलाय त्यांच्या. मी एकटीनं केलं हे.

१४ सप्टेंबर

दुकानात पावाच्या फळीपाशी लाउस्ट समोरून आला. मी हात वर केला. तो माझ्यातून आरपार बघत निघून गेला. माझ्यामागं पोस्टमन होता, त्यानंही पाहिलं. तीस वर्षांचा शेजार. असं काय केलंय मी?

हेनिंग म्हणतो, "विचार ना त्याला."

"मी का विचारू?"

"मग नको विचारू. पण मग माझ्याजवळ रडू नकोस."

१९ सप्टेंबर

निळीच्या फळीवर पुन्हा माइट. ऑगस्टपेक्षा जास्त. दोनदा पुसून पाहिली, दोनदा भरली. मेलेले होते ते, कुठून आले?

निळीच्या दारात काळ्या, तुकतुकीत माशा ये-जा करतात. अंगावरची लव झडलेली, तेल लावल्यासारख्या. लूट करणाऱ्या माशा अशाच दिसतात हे लाउस्टनंच शिकवलं होतं. फटीतून घुसताना आणि मारामारीत त्यांची लव झडते. म्हणजे माझी पेटी कुणीतरी लुटतंय आणि येताना माइट आणतंय. टेकडीपलीकडं पेट्या एकाच माणसाच्या आहेत.

फोन केला. या वेळी उचलला.

"लाउस्ट, तुझ्या माशा माझी निळी लुटतायत."

"माझ्या माशा चोर नाहीत."

"औषध दिलंस का या वर्षी?"

 

"तू मला शिकवणार?" म्हणाला आणि फोन ठेवला.

दिलं नाही त्यानं. दिलं असतं तर सांगितलं असतं.

२३ सप्टेंबर



सकाळी सायकलवरून निघाले होते. धुकं होतं, पण एवढं नव्हतं. चर्चपुढच्या वळणावर लाउस्टची गाडी समोरून आली, सावकाश, रस्त्याच्या मधोमध. मी कडेला झाले. गाडीही कडेला आली, माझ्याच बाजूला. काचेआड त्याचा चेहरा दिसला. माझ्याकडं तोंड करून बसला होता. मी ओरडले, घंटी वाजवली. मग सायकल सोडून चारीत उडी मारली. चाक सायकलच्या मागच्या भागाला घासून गेलं. गाडी क्षणभर थांबली आणि पुढं निघून गेली.

एका फोनवरून? माझ्यावर गाडी घातली त्यानं. पेट्यांवरून झालेल्या भांडणासाठी.

हेनिंगनं गुडघा धुवून दिला. कधी नव्हे ते चेष्टा केली नाही. "लाउस्ट असं करणार नाही," एवढंच म्हणत राहिला.

"मग कोण करेल? चेहरा पाहिला मी."

"तू त्याचा पाहिलास."

याला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक.

२४ सप्टेंबर

सगळं नीट लिहायचंय, आहे त्या क्रमानं.

पुरावा हाती घेऊनच त्याच्या दारात जायचं असं ठरवलं. निळीच्या तोंडाशी बसले आणि बाहेर पडणाऱ्या तुकतुकीत माशांवर चहाच्या गाळणीनं गव्हाचं पीठ चाळलं. पांढऱ्या होऊन उडाल्या, टेकडीकडंच. मीही निघाले. गुडघा दुखत होता म्हणून हेनिंगची काठी घेतली.

लाउस्टच्या घरामागं भिंतीच्या आडोशाला आठ पेट्या आहेत. पहिलीच्या दारात पांढरी माशी उतरली. मग दुसरी. मला अगदी आनंद झाला, खोटं कशाला लिहू. चोर घरी पोचले होते. आता त्याला हाताला धरून आणायचं आणि दाखवायचं.

पण आणखी एखादी येऊ दे म्हणून थांबले. आणि पाहिलं की त्या पांढऱ्या माशांना दारात कुणी हुंगत नव्हतं. अडवत नव्हतं. दारात राखण करणारी एकही माशी नव्हती. फळीवर मेणाचा भुगा पडला होता, कुरतडलेल्या पोळ्याचा. थोड्या वेळानं पांढरी माशी बाहेर आली, पोट ताणलेलं, उडता येईना. कशीबशी वर चढली आणि टेकडीकडं वळली. माझ्या घराकडं.

झाकण काढलं. चौकटी फाडून रिकाम्या केलेल्या. तळाला मेलेल्या माशांचा थर, आणि ज्या जिवंत होत्या त्या मूठभर. पंख चुरगळलेले, चालताना कोलमडत होत्या. माइटनं पोखरलेलं घर, आणि त्यातून मध वाहून नेणाऱ्या सगळ्या माझ्या. निळी का भरली ते आत्ता कळलं. माइटही तिथूनच आले, त्यांच्याच पाठीवर बसून. चोर माझ्याच होत्या.

दुसरी पेटी तशीच. तिसरीत थोडी धुगधुगी.

मागं दार वाजलं. लाउस्ट पायरीवर उभा होता. मी अंगणातच, त्याच्यासमोर.

"कोण आहे?" तो म्हणाला.

मला वाटलं टोमणा मारतोय. तो मान थोडी वळवून, कोंबडी बघते तसा एका बाजूनं माझ्याकडं बघत होता.

"कोण आहे ते सांगा. मीटरवाले का?"

"लाउस्ट," मी म्हटलं, "मी आस्ता."

तो पायरीवर बसला. मीही जाऊन शेजारी बसले. मग त्यानं सांगितलं. मधोमध काही दिसत नाही. कडेकडेनं दिसतं. चेहरे नाहीत, अक्षरं नाहीत. गेल्या हिवाळ्यापासून.

"औषध द्यायला गेलो होतो मी," म्हणाला. "ओतताना बाटलीचं तोंड दिसलं नाही. हातावरच ओतलं."

"किटली म्हणालास."

"मग काय म्हणू? आंधळा म्हणू?"

"काल सकाळी चर्चच्या वळणावर—"

"काल काहीतरी घासलं," तो म्हणाला. "मला वाटलं फांदी."

मी म्हटलं, फांदी नव्हती ती, मी होते. त्याचा चेहरा मी लिहिणार नाही.

निघताना म्हणाला, "बोदिलला सांगू नकोस." बोदिल त्याची मुलगी, आल्बोर्गला असते. "ती मला एखाद्या खोलीत नेऊन ठेवेल. सांगू नकोस, आस्ता."

"गाडीची किल्ली दे मला."

"ती नाही."

"लाउस्ट."

"सावकाश चालवतो मी. हा रस्ता मला पाठ आहे."

बोदिलला न सांगण्याबद्दल मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं ते हो समजलं. मला कळलं होतं तो हो समजतोय ते, तरी बोलले नाही.

२५ सप्टेंबर

निळीचं दार एक माशी जाईल एवढं बारीक केलं. लाउस्टच्या मेलेल्या पेट्या हेनिंगनं चिखलानं लिंपून बंद केल्या. लाउस्ट बाहेर आला नाही. गाडी घरासमोर होती.

हेनिंग जेवताना म्हणाला, "त्या रस्त्यानं शाळेची पोरं जातात."

"माहीत आहे मला."

"मग?"

"तुझी तीस वर्षांची मैत्री नाही."

"माझीही तेवढीच आहे," तो म्हणाला. "त्याच्याकडं मी आलो असतो बरोबर, तू म्हटलं असतंस तर."

उठून ताटल्या विसळायला लागले. त्याचं बरोबर असतं तेव्हा मला त्याच्याकडं बघवत नाही.

२७ सप्टेंबर

सकाळी टेकडीवरून लाउस्टच्या गाडीचे दिवे पाहिले. भर उजेडात लावलेले. वळणावर थांबले, मग हलले. ती उतरून जाईपर्यंत मी तिथंच उभी होते.

घरी येऊन बोदिलला फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या गुडघ्यासकट. ती पहिल्यांदा चिडली.

"इतके दिवस तू रोज त्याला बघतेस. तुला दिसलं नाही?"

"नाही."

"ताटव्यात गाडी घातली त्यानं, असं तूच सांगतेस. आणि तरी नाही?"

माशीच्या पाठीवरचा ठिपका दिसतो मला.

३० सप्टेंबर

बोदिल आली, गाडी घेऊन गेली. लाउस्टला डॉक्टरकडं नेऊन आणलं. खोलीबिली काही नाही, सध्या तरी. आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन जेवणाचे डबे भरून ठेवेल.

मी सूप घेऊन गेले. दार उघडलं नाही. आतून म्हणाला, "ठेव आणि जा."

६ ऑक्टोबर

परत औषध ठेवलं. पण आता गारठा आहे, ॲसिड उडतच नाही. ऑगस्टमध्ये जास्त उडालं, आता उडत नाही. काळ्या पेटीत चुरगळलेल्या पंखांच्या माशा दारातून चालत बाहेर येतात, गवतात उतरतात आणि चालतच राहतात. आजारी माशी घरात मरत नाही म्हणतात. मी त्यांच्यामागं गवतात वाकून चालत होते. हेनिंगनं खिडकीतून पाहिलं असेल.

२९ ऑक्टोबर

काळी गेली. हिरवी गेली. लाउस्टच्या उरलेल्या तीनही.

सूप ठेवून आले. भांडं धुवून पायरीवर पालथं घातलेलं असतं. बोलणं नाही.

१७ नोव्हेंबर

सोसाट्याचा वारा. पेट्यांवर दगड ठेवले. लिहिण्यासारखं काही नाही, पण टेकडीपलीकडं दिवा दिसला की बरं वाटतं.

१४ डिसेंबर

हिवाळी औषधाचा दिवस. थंडीत माशा गोळा होऊन बसतात, अंडी-पिल्लं नसतात, माइटला लपायला जागा उरत नाही. पिचकारीनं चौकटींच्या मधल्या गल्ल्यांत ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी थेंबथेंब सोडायचं. मी पिवळी उघडत होते तेवढ्यात फाटकापाशी बोदिलची गाडी थांबली. लाउस्ट उतरला. हातात पांढरी काठी, ती अशी धरलेली की कुणाची तरी सांभाळायला घेतलीय.

"मी तुझ्याशी बोलायला आलो नाही," म्हणाला. "पेट्यांकडं आलोय."

"ये."

"किती राहिल्या?"

"चार."

तो शेजारी येऊन उभा राहिला. मी थेंब सोडले. आतून जराशी कुरकूर उठली आणि थांबली. मी झाकण लावलं, पुढच्या पेटीकडं सरकले, तोही सरकला. असं चारही पेट्यांचं झालं. बोदिल गाडीतच बसून राहिली. आतल्या आत रडत होती की हसत होती, लांबून कळलं नाही.

"निळीचा मागचा आठवडा कसा होता? फळी?" लाउस्टनं विचारलं.

बरं सांगावं असं वाटलं मला. ऑगस्टमध्ये त्यानं मला सांगितलं होतं तसं.

"वाईट," मी म्हटलं. "सगळ्यांत वाईट तिचीच. पण माशा पुष्कळ आहेत. मार्च बघेल असं वाटतं. खात्री नाही."

त्यानं मान हलवली. मग काठीच्या टोकानं बर्फ उकरत म्हणाला, "सकाळी खिडकी उघडतो. काही ऐकू येत नाही. चाळीस वर्षं अंगणात आवाज होता. एक पेटी दे मला."

"बघणार कोण तिच्याकडं?"

"तू. रोज सूप ठेवून पळतेस ना, त्याऐवजी थांब जरा."

"कुठली देऊ?"

"ती चोर," लाउस्ट म्हणाला. "माझाच मध आहे तिच्यात."

११ जानेवारी

आज नेली. थंडी आहे तोवरच हलवता येते. एकदा उडायला लागल्या की एवढ्या जवळून जुन्या जागी परत येतील. हेनिंग पुढून, मी मागून, निळी मध्ये, पट्ट्यांनी बांधलेली. टेकडीच्या चढावर बर्फ कडक झाला होता. लाउस्ट आम्हाला घ्यायला अर्ध्या वाटेवर आला होता. एकटा, काठी घेऊन. तिथून पुढं त्यानं एक हात पेटीच्या झाकणावर ठेवला आणि बरोबर चालला.

"तिरकी धरलीय. कोण धरतंय तिरकी?"

"मी," हेनिंग म्हणाला. "उतार आहे."

"उतार मला माहीत आहे. पेटी सरळ धर. मासळीचा खोका आहे का तो?"

भिंतीच्या आडोशाला पहिल्या जागेवर ठेवली. हेनिंग हाशहुश करत आत कॉफी मांडायला गेला. लाउस्ट वाकला, झाकणाला कान लावला आणि हातानं मला गप्प राहायला सांगितलं. मी बोलतच नव्हते. बराच वेळ तसाच होता. टोपी बर्फात पडली.

"आहेत?" मी विचारलं.

"गप्प बस ना जरा," तो म्हणाला, "ऐकू दे."

दुपारी बोदिलचा फोन आला, बाबा कसे आहेत. मी म्हटलं, वाटभर आम्हाला शिव्या देत होता. ती म्हणाली, कुठल्या कुठल्या, सांग.